मोबाइलची शिस्त साहेबांनाही हवी

23 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कार्यालयीन वेळेतल्या मोबाइल वापराचे नियम जारी केले. शासकीय कामासाठी शक्यतो कार्यालयातला दूरध्वनीच वापरावा. मोबाइलवर बोलावं लागलंच तर हळू आवाजात, सौजन्याने बोलावं, हुज्जत घालू नये. खासगी फोन कार्यालयाबाहेर जाऊन घ्यावा. बैठकीत मोबाइल सायलेंटवर ठेवावा. समाजमाध्यमं वापरताना वेळेचं आणि भाषेचं भान राखावं. या सूचनांना कुणाचाही विरोध असण्याचं कारण नाही. सातबारा, दाखला, पेन्शन असलं काही काम घेऊन गावाकडून आलेला माणूस टेबलासमोर उभा असतो, टेबलामागचा कर्मचारी मोबाइलवर बोलत असतो आणि बोलता बोलता हातानेच ‘थांबा’ म्हणून खुणावतो. त्या माणसाची एसटी चुकणार असते, दिवसाची मजुरी बुडालेली असते. हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला या नियमांची गरज पटवून द्यावी लागत नाही.

पण त्याच आदेशात आणखी दोन सूचना होत्या. लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठ अधिकारी यांचे फोन विनाविलंब उचलावेत आणि दौऱ्यावर असताना मोबाइल बंद ठेवू नये. प्रशासन चालवायचं तर यालाही कारणं आहेत, हे मान्य. मात्र सगळ्या सूचना एकत्र वाचल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. घरचा फोन आला तर खोलीबाहेर जायचं आणि वरचा फोन आला तर हातातलं काम टाकून तो घ्यायचा. समोर उभ्या असलेल्या नागरिकाच्या दृष्टीने मात्र दोन्ही फोन सारखेच असतात. दोन्ही वेळा त्याचं काम थांबतं.

कामाच्या ठिकाणी मोबाइल असावा की नसावा, यावरची आपली बहुतेक चर्चा याच पद्धतीने चालते. मोबाइल म्हणजे कर्मचाऱ्याला जडलेली सवय आणि तिला आवर घालणं म्हणजे साहेबांचं काम, असं धरूनच ती सुरू होते. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न निम्मा कर्मचाऱ्याच्या शिस्तीचा आहे आणि निम्मा कामावर ठेवणाऱ्याच्या शिस्तीचा. आजवर आपण नियम केले ते पहिल्या निम्म्यासाठी. दुसऱ्या निम्म्याला हात लावल्याशिवाय पहिल्यालाही नैतिक बळ येणार नाही.

आधी फायद्यांबद्दल बोलू, कारण बंदीची भाषा करणारे ते फार लवकर विसरतात. 14 जानेवारी 1997 रोजी केरळातल्या वडकरा इथे 11 मच्छीमार ताज्या तारल्या घेऊन किनाऱ्याला लागले. गिऱ्हाईक संपलं होतं, मासे फेकून देण्यावाचून इलाज नव्हता. त्याच वेळी जेमतेम 15 किलोमीटरच्या आत, चोंबाला आणि कोयिलांडी इथल्या किनाऱ्यांवर 27 गिऱ्हाइकं मासे न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परत निघाली होती. माल होता, मागणी होती. एकाची खबर दुसऱ्याला नव्हती. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही नोंद आहे. 1997 ते 2001 या काळात उत्तर केरळच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल टॉवर उभे राहिले. मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बाजारांतले भाव विचारू लागले आणि जिथे मागणी असेल तिकडे होडी वळवू लागले. मासे वाया जाणं जवळपास थांबलं. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकांना मोजावी लागणारी किंमत 4 टक्क्यांनी उतरली. विकणारा आणि घेणारा, दोघांचाही फायदा एकाच साधनाने व्हावा, असं क्वचित घडतं.

आपल्याकडेही हेच झालं. ट्रॅक्टरमध्ये कांदा भरण्याआधी शेतकरी लासलगावचा आणि पिंपळगावचा भाव मोबाइलवर बघतो. गवंडी, प्लंबर, वायरमन यांना काम मिळण्यासाठी रोज सकाळी नाक्यावर उभं राहण्याची सक्ती उरलेली नाही. जुनं गिऱ्हाईक फोन करून बोलावतं. आणि नोकरी करणाऱ्या बाईच्या आयुष्यात तर मोबाइलने जो दिलासा आणला, तो आकड्यांत मांडता येणार नाही. पाळणाघरात मुलाला ताप आला, सासूबाई घसरून पडल्या, मुलगी शाळेतून घरी पोचली की नाही, या काळज्या पूर्वीही होत्याच. तेव्हा त्या संध्याकाळी घरी पोचेपर्यंत छातीवर घेऊन काम करावं लागे. आज दुपारचा ‘आई, मी आले घरी’ एवढा एका ओळीचा मेसेज तिचं उरलेल्या दिवसाचं काम सुकर करतो. हा वेळ कामातून चोरलेला आहे, असं जो म्हणेल त्याने घर आणि नोकरी दोन्ही कधी एकदम सांभाळलेलं नसावं.

आता तोटे. तेही तितकेच खरे आहेत आणि त्यांचा संबंध केवळ वाया गेलेल्या मिनिटांशी नाही. मोबाइल सर्वात जास्त खातो ते लक्ष. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की एकाग्रतेचं काम चालू असताना नुसती सूचना आल्याचा आवाज किंवा थरथर झाली, तरी चुका वाढतात. त्यासाठी फोन हातात घ्यावाही लागत नाही. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 साली आणखी पुढचा दावा केला. फोन गप्प असला तरी तो टेबलावर नजरेसमोर असला, तर दुसऱ्या खोलीत ठेवलेल्यांच्या तुलनेत माणसाची विचारशक्ती थोडी कमी पडते. नंतरच्या काही प्रयोगांत हा दुसरा परिणाम तितका ठळक आढळला नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण पहिली गोष्ट आपल्याला स्वतःच्या अनुभवावरूनही पटते. हिशेब जुळवताना फोन आला की नंतर पुन्हा पहिल्या रकान्यापासून सुरुवात करावी लागते. मन एका कामातून पूर्ण सुटत नाही आणि दुसऱ्यात पूर्ण शिरत नाही. संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 साली याच अडकून राहिलेल्या लक्षाचा अभ्यास मांडला होता.

इथे एक महत्त्वाचा बारकावा आहे. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांच्या फोनवर सूचना दिवसातून तीनदाच, एकगठ्ठा पोचतील अशी व्यवस्था केली. त्यांचं लक्ष सुधारलं, मनावरचा ताण उतरला. ज्यांच्या सूचना पूर्णच बंद केल्या, त्यांची मात्र बेचैनी वाढली. आपल्याला काहीतरी महत्त्वाचं कळायचं राहून जाईल ही धास्ती त्यांना लागली. थोडक्यात, सतत वाजणारा फोन वाईट आणि कायमचा तोडलेला संपर्कही वाईट. माणसाला हवी असते ती खात्री, की खरंच गरज पडली तर आपल्यापर्यंत निरोप पोचेल. ही खात्री मिळाली तर तो फोन खुशाल बाजूला ठेवतो.

काही कामं अशी आहेत की तिथे संपूर्ण बंदीच हवी आणि तिच्याबाबत घासाघीस नको. ज्या कामात क्षणभर नजर हटल्याने दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, ती सगळी या यादीत येतात. प्रेस मशीनवरचा कामगार, क्रेन चालवणारा, वॉर्डात औषधांचे डोस काढणारी परिचारिका, बसचा चालक. मार्च 2025 मध्ये दादर-स्वारगेट मार्गावरच्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रीकरण करून ते थेट परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवलं. चालक खासगी कंत्राटदाराकडचा होता. त्याला कामावरून काढलं आणि कंत्राटदाराला दंड झाला. कारवाई योग्यच होती. घाटातून आणि द्रुतगती मार्गावरून धावणाऱ्या बसमधल्या सगळ्यांचा जीव त्या दोन डोळ्यांच्या भरवशावर होता. मात्र हा गुन्हा उघडकीला आणला तोही एका मोबाइलनेच. त्याच गाडीत, त्याच क्षणी, एका हातात फोन असणं जिवावर बेतणारं होतं आणि दुसऱ्या हातात असणं जीव वाचवणारं. म्हणून नियम यंत्रावर बेतून चालत नाही. कुणाच्या हातात कोणतं काम आहे हे पाहूनच तो ठरवावा लागतो.

कायद्याने ते ओळखलं आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना मोबाइल हातात धरून वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यातच मोडतं आणि ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार त्याला सूट आहे ती रस्ता पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. पण याच रस्त्यावर घरपोच जेवण आणि सामान पोचवणारी मुलं दुचाकीवरून फिरत असतात. नवी ऑर्डर स्क्रीनवर आली की ती काही सेकंदांत घ्यायची किंवा सोडायची. सोडली तर कमाई गेली. पोलिसाने पकडलं तर दंड त्या मुलाला होतो. चालत्या गाडीवर त्याच्यापुढे ऑर्डर टाकणाऱ्या व्यवस्थेला कुणी जाब विचारत नाही. गाडी थांबलेली असेल तेव्हाच ऑर्डर दिसावी, एवढी साधी सोय तंत्रज्ञान आजही करू शकतं. ती सक्तीची करायला हवी.

बंदी घालणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. औद्योगिक वसाहतींतल्या अनेक कारखान्यांच्या गेटवर मोबाइल ठेवायचे कप्पे असतात. पाळी सुरू होण्याआधी कामगार रांगेने फोन बंद करून देतात, बदल्यात टोकन घेतात. आत यंत्रं चालू असतात, तेव्हा हा नियम बरोबरच आहे. पण नंतरचे आठ तास त्या कप्प्यात बंद पडलेला फोन हाच कामगाराचा घराशी एकमेव दुवा असतो. घरच्यांकडे कंपनीचा नंबर नसतो. असला तर रात्रपाळीला तो उचलायला कुणी नसतं. उचललाच, तर ‘कंत्राटी कामगार आहे, आम्हाला माहीत नाही’ हे उत्तर मिळतं. तीस वर्षांपूर्वी घरोघरी फोन नव्हते, तेव्हा निदान शेजारच्या वाण्याकडून गेटवर निरोप यायचा आणि टाइमकीपर तो आत पोचवायचा. मोबाइल आला आणि निरोपाची ती व्यवस्था आपण मोडीत काढली. मग मोबाइलही काढून घेतला. ज्याला फोनबंदी करायची आहे त्याने चोवीस तास उचलला जाईल असा एक नंबर प्रत्येक कामगाराच्या घरी, कंत्राटी कामगाराच्याही घरी, लेखी कळवावा. निरोप आत कोण नेणार हे नाव घालून ठरवावं. आणि शॉप फ्लोअरवर फिरणाऱ्या मॅनेजरचा फोनही त्याच कप्प्यात जावा. यंत्र हुद्दा बघून इजा करत नाही.

आता त्या दुसऱ्या निम्म्याकडे येऊ. गेल्या दहा वर्षांत कर्मचाऱ्याने ऑफिसात मोबाइल आणला त्याच्या कितीतरी पट अधिक ऑफिस त्याच्या मोबाइलमध्ये येऊन बसलं. राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. सरकारने अंगणवाडी सेविकांना कामासाठी मोबाइल दिले. मार्च 2021 मध्ये केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आलं. हाती असलेल्या फोनची क्षमता तोकडी, ॲप इंग्रजीत. एकेका मुलाचं वजन, उंची, आहार, गरोदर मातेच्या नोंदी, सगळं त्यात भरायचं. मधेच फोन अडकायचा, तापायचा, भरलेलं पुसलं जायचं. समोर मुलं बसलेली, खिचडी वाटायची राहिलेली आणि सेविका स्क्रीनवरचं गोल फिरणारं चक्र थांबायची वाट पाहत असलेली. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी हे फोन सरकारला परत केले. आमच्या भाषेतलं ॲप द्या आणि चालतील असे फोन द्या, ही त्यांची मागणी होती. सामान्य प्रशासन विभागाचा मोबाइल शिस्तीचा आदेश निघून तेव्हा महिनाही झाला नव्हता. एकीकडे कर्मचारी मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात ही तक्रार आणि दुसरीकडे मोबाइलमध्ये डोकं घातल्याशिवाय कामाची नोंदच होत नाही ही परिस्थिती, हे दोन्ही एकाच राज्यात, एकाच वेळी घडत होतं.

रोजगार हमीचंही तसंच. 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी मोबाइल ॲपवर नोंदवणं सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, ठिकाण आणि वेळेसह चढवायचा. खोटी हजेरी रोखणं हा हेतू चांगलाच आहे. पण मेळघाटात किंवा सातपुड्याच्या एखाद्या पाड्यावर नेटवर्क नसेल, तर फोटो चढत नाही, हजेरी लागत नाही आणि दिवसभर माती उपसलेल्या बाईची मजुरी अडकते. काम झालं की नाही, हे खणलेल्या चरावरून दिसायला हवं. ते फोनच्या टॉवरवर अवलंबून राहिलं, तर मोबाइलने काम सोपं केलं असं कसं म्हणावं? आणि माणूस कुठे आहे यावर सतत नजर ठेवणारी ॲप्स आता कचेऱ्यांपासून कंपन्यांपर्यंत पसरत असताना हेही लक्षात ठेवायला हवं, की 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. नोकरी धरली म्हणून तो हक्क गेटवर जमा होत नाही.

कामाची वेळ संपल्यानंतरचा फोन हा या सगळ्याचा कळस. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना विचारा. रात्री ग्रुपवर मेसेज येतो, ‘तात्काळ, उद्या दहाच्या आत माहिती सादर करावी.’ ती माहिती बहुतेक वेळा आधीही दिलेली असते, दुसऱ्या तक्त्यात. सकाळी वर्गात फळ्याकडे पाठ करून शिक्षक तो तक्ता भरत असतो आणि पालकांना दिसतं ते एवढंच, की गुरुजी वर्गात मोबाइल बघतात. हिंजवडीतल्या अभियंत्याचं दुखणं वेगळ्या तऱ्हेचं. अमेरिकेतला दिवस सुरू होतो तेव्हा इथे रात्रीच्या जेवणाची वेळ झालेली असते आणि नेमके तेव्हाच तिकडचे फोन सुरू होतात.

याला उत्तर शोधायचा प्रयत्न काही देशांनी केला आहे. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024 पासून वेळेनंतरचा संपर्क नाकारण्याचा हक्क मिळाला. तिथला कायदा विचारपूर्वक केलेला आहे. नकार वाजवी आहे की नाही हे ठरवताना संपर्क कशासाठी केला, त्या जादा वेळेचा मोबदला मिळतो का, पद किती जबाबदारीचं आहे, हे सगळं पाहिलं जातं. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या डिसेंबरात याच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं आणि 2025 च्या डिसेंबरात पुन्हा मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवं. पहिला असा, की पूर, अपघात, साथ घड्याळ बघून येत नाहीत. सगळ्यांनी फोन बंद केले तर काम कसं चालायचं? रास्त प्रश्न आहे. पण आणीबाणीसाठी पाळी लावता येते. रुग्णालयं आणि अग्निशमन दल हे कितीतरी वर्षं करत आली आहेत. आज कोण हाकेला आहे हे ठरलेलं असतं, त्याचा मोबदला किंवा बदली सुट्टी मिळते आणि बाकीचे निर्धास्त झोपतात. सगळ्यांनी सदैव जागं राहावं ही अपेक्षा म्हणजे नियोजन न केल्याची कबुली आहे. दुसरा आक्षेप असा, की तुम्ही कर्मचाऱ्यांना फार झुकतं माप देता. कामाच्या वेळेत तासन्‌तास रील्स बघणारे, शेअरचे भाव बघणारे कमी नाहीत. ते आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. ज्याचं काम खोळंबलं त्या नागरिकाची बाजू मी कधीच सोडणार नाही. पण जिथे दिवसाचं काम नेमकं किती हे ठरलेलं असतं आणि संध्याकाळी ते मोजलं जातं, तिथे रील्स बघायला फारसा वेळ उरत नाही. जिथे ते ठरलेलं नसतं, तिथला माणूस मोबाइल नसतानाही वर्तमानपत्र पसरून बसायचा. त्याच्या आळसाला मोबाइल जबाबदार धरून व्यवस्थापनाने आपली जबाबदारी झटकू नये.

मग करायचं काय? ज्या कामात दुसऱ्याचा जीव हातात आहे तिथे फोन पूर्ण बंद, हुद्दा न बघता, आणि निरोप पोचवण्याची पक्की सोय मालकाच्या खर्चाने. जिथे समोर माणूस उभा आहे, म्हणजे काउंटर, वर्ग, तपासणीची खोली, तिथे समोरचा माणूस पहिला आणि फोन नंतर, मग तो फोन मंत्र्यांचा असला तरी. दोन मिनिटांनी परत फोन करण्याने कुठलंही शासन कोसळत नाही. बाकीच्या कामांत फोन जवळ असू द्यावा, सूचना बंद ठेवाव्यात आणि ठरावीक वेळांना त्या बघण्याची मोकळीक असावी. कामासाठी फोन लागत असेल तर फोन, डेटा आणि ॲपची भाषा या तिन्ही गोष्टी कामावर ठेवणाऱ्याने पुरवाव्यात. आणि कामाची वेळ संपली की, पाळीवर असलेल्याखेरीज, कुणाकडूनही उत्तराची अपेक्षा करू नये. उत्तर न दिल्याचा राग बदलीत किंवा गोपनीय अहवालात उतरू नये.

यातला शेवटचा नियम अमलात आणायला एकही परिपत्रक लागत नाही. प्रत्येक कार्यालयप्रमुख, मुख्याध्यापक, मॅनेजर आणि सुपरवायझर आज रात्रीपासून तो पाळू शकतो. सुचलेला निरोप लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. कर्मचाऱ्याच्या घरच्या वेळेचा मान राखणाऱ्या माणसाला कामाच्या वेळेचा मान राखा, असं ठणकावून सांगण्याचा अधिकार आपोआप मिळतो. तो अधिकार कमावल्याशिवाय काढलेले आदेश फलकावर लागतात आणि तिथेच राहतात.